गुरूअण्णांचा बार्शी रस्ता

तिऱ्ह्याच्या अलीकडे माझ्या सायकलचं मागचं चाक बसलं होतं. रस्त्याकडेच्या लिंबाखाली सायकल उलटी घालून मी टायरशी झटापट करत होते. हात काळे झालेले, आणि आमच्या ग्रुपमधली बाकीची मंडळी केव्हाच सीना नदी ओलांडून पुढे गेलेली. एवढ्यात एक सायकल येऊन थांबली. पांढरा पायजमा, तो चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याशी लावलेला चाप, आणि हेल्मेटखाली कपाळभर विभूतीचे पट्टे, घामाने भुवयांपर्यंत ओघळलेले. गृहस्थ उतरले, सायकल झाडाला टेकवली, चांगली मांडी ठोकून बसले आणि म्हणाले, "येन सुद्दी?"

तेवढं कानडी मला कळतं. सोलापुरात राहायचं तर कळावंच लागतं. काय बातमी, असं ते विचारत होते. मी घुश्शातच चाकाकडे बोट दाखवलं. "पंक्चर."

"त्ये दिसतंया की. दुसरं?"

"दुसरं काही नाही."

"आसं कसं? घरापास्नं हितवर आलात. वाटंत कायतरी झालंच आसंल की."

माणूस चक्रम आहे अशी माझी खात्री झाली. पण त्यांनी बोलता बोलता माझ्या हातातलं चाक काढून घेतलं, आणि ट्यूब बदलून टायर बसवेपर्यंतच्या वेळात देगावजवळ मागे लागलेल्या कुत्र्यापासून ते माझ्या नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळं माझ्याकडून काढून घेतलं. मी दातांची डॉक्टर आहे. माणसांना तोंड उघडायला लावणं हा माझा रोजचा धंदा, पण हे कसब निराळंच होतं. निघताना ते म्हणाले, "आता कसं? पंक्चरबी निघालं आन बातमीबी निघाली." त्यानंतरच्या रविवारपासून ते आमच्या ग्रुपमध्ये आले. कुणी बोलावलं होतं, आठवत नाही. बहुधा कुणीच नाही.

नाव गुरुसिद्धप्पा, पण सगळे गुरूअण्णाच म्हणत. मंगळवार पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. उभा जन्म त्या गादीवर गेला. साठी उलटल्यावर दुकान मुलाच्या हाती दिलं आणि मुलाने हौसेने आणून महिन्याभरात भिंतीला टांगलेली रोड बाईक खाली उतरवली. हँडलवरचं वेग दाखवणारं यंत्र त्यांनी पहिल्या दिवशीच काढून टाकलं. "ह्ये सारखं माझ्याकडं बघतंय," म्हणाले. त्यांच्या जर्सीखाली छातीवर काहीतरी उठून दिसायचं. चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला आलेला आमच्यातला एक इंजिनिअर नवखा होता. त्याला ते हृदयाचे ठोके मोजायचं यंत्र वाटलं. कुठल्या कंपनीचं, असं त्याने मोठ्या उत्सुकतेने विचारलं. बाकीचे आम्ही जीभ चावून बसलो, कारण अण्णा लिंगायत, आणि ते त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग होतं. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "मोजतंय की सगळं. फकस्त आकडा सांगत न्हाय."

आमचा रविवार कसा असायचा, तेही सांगायला हवं. पहाटे निघायचं, कधी तुळजापूरकडे, कधी अक्कलकोटकडे, पण बहुतेक वेळा मंगळवेढ्याच्या रस्त्याला, आणि परत आल्यावर सात रस्त्याजवळच्या एका कॅन्टीनमध्ये इडलीवर तुटून पडायचं. मग प्रत्येकाने आपली राईड सांगायची. सांगायची म्हणजे काय, तर मोबाईल पुढे करायचा. इतके किलोमीटर, इतका वेग, इतका चढ. मोहसीन हा आमच्यातला सगळ्यात वेगवान गडी, टॉवेलच्या कारखानदाराचा मुलगा. त्याचा आकडा सगळ्यात मोठा, म्हणून सगळ्यात आधी तोच बोलणार. अण्णा आले आणि त्यांनी ही रीत उलटी केली. जो शेवटी आला त्याने आधी सांगायचं, आणि आकडा तोंडातून काढायचा नाही. "जो जोरात आला त्येनं काय बघितलं आसणार? फुडच्याचं चाक," ते म्हणायचे. शेवटी तेच यायचे, त्यामुळे आधी तेच बोलायचे. इडली गार व्हायची आणि आम्ही ऐकत बसायचो.

त्यांच्या गोष्टी अशा. माचणूरजवळ एक शेतकरी आहे, तो ज्वारीची बांधाकडची एक ओळ मुद्दाम पाखरांसाठी ठेवतो आणि पाखरांनी दुसरी ओळ खाल्ली तर त्यांच्याशी भांडतो. बेगमपूरच्या पुलावर दोन म्हातारे रोज भेटतात, एक अलीकडच्या गावचा, एक पलीकडचा, आणि आज भीमेला पाणी कुणाच्या बाजूला जास्त आहे यावरून त्यांची जुंपते. कामतीच्या पुढे हिराबाई नावाच्या धनगर बाईचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार पत्रे आणि एक बाकडं. तिच्या मालकाच्या कळपातला म्होरक्या मेंढा मंगळवेढ्याची सकाळची एसटी गेल्याशिवाय रस्ता ओलांडत नाही. एसटी उशिरा आली तर अख्खा कळप खोळंबतो.

"अण्णा, तुम बी ना, कुछ बी छोडतैं," मोहसीन म्हणायचा.

अण्णांना त्याचा राग येत नसे. मला मात्र राहवेना. मी स्वभावाने चौकस आणि त्यातून संशयी. दुखतो म्हणतात तो दातही मी आधी ठोकून बघते. एका रविवारी मी मुद्दाम मागे राहिले आणि अण्णांबरोबर हिराबाईंच्या हॉटेलवर उतरले. बाकड्यावर बसून मेंढ्याची वाट पाहिली. मेंढा आला, त्याने डावीकडे बघितलं नाही की उजवीकडे, सरळ रस्ता ओलांडला. एसटीचा पत्ता नव्हता.

मी विजयी मुद्रेने अण्णांकडे पाहिलं. "तुमाला बघून बुजला त्यो," ते म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिराबाई चहा घेऊन आल्या. हिरवंगार लुगडं, कपाळावर आडवं मोठं कुंकू, आणि नजर अशी की माणसाची वरपासून खालपर्यंत झडती घ्यावी. त्या माझ्याकडे बघत अण्णांना म्हणाल्या, "ह्याच व्हय त्या? कुत्रं मागं लागलं तर सायकलवरनं उतरून त्येचा जबडा उघडून बघणाऱ्या?"

"त्याच की," अण्णा म्हणाले.

"आन त्येला म्हनल्या, तुझी दाढ किडलीया, सोमवारी ये?"

मी थक्क झाले. कुत्रं खरं होतं. पण मी त्या दिवशी जीव मुठीत धरून, देवाचं नाव घेत, पायडल मारत पळाले होते. हळूहळू उलगडलं ते असं की अण्णा जशा रस्त्यावरच्या गोष्टी आम्हाला आणून सांगत, तशाच आमच्या गोष्टी रस्त्यावर नेऊन सांगत. तिथे मोहसीन हा एसटीला हरवणारा गडी होता, चेन तुटली तर कमरेचा पट्टा लावून घरी पोचणारा. नवखा इंजिनिअर वाऱ्याशी इंग्रजीत भांडायचा. हिराबाईंना आमच्या घरच्यांची नावं, दुखणी, सवयी सगळं पाठ होतं. आम्ही मात्र इतकी वर्षं त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात होतो.

परतताना मी अण्णांना झापलं. "हे चक्क खोटं आहे."

"कुत्रं खरं की न्हाय? तुमी खऱ्या की न्हाय?"

"आणि जबडा?"

"त्ये तेल," अण्णा म्हणाले. "कोरडी चेन लई कुरकुरती, डॉक्टरीणबाई. जराशी बोटभर लावायची. पर नसलेली चेन न्हाय लावायची."

हा त्यांचा हिशेब मला पटला नाही, पण कुतूहल वाढलं. हा माणूस एवढा खटाटोप का करतो? एकदा विचारलंच. ते म्हणाले, "गादीवर बसलो होतो तवर समदी दुनिया माझ्याकडं यायची. लगीन ठरलं की भांडी, बारसं आलं की भांडी. पातेलं बघता बघता बाई घरचं समदं बोलायची. दुकान पोराला दिलं आन माणसं यायची थांबली. सकाळी उठावं आन कुणाचं कायच ठावं नसावं? मला दम कोंडल्यावानी झालं की. मग म्हनलं, आता आपनच जावं." हे सांगताना ते हसत नव्हते. बातमीशिवायचा दिवस या माणसाला खरोखर सोसत नव्हता.

दिवाळीनंतर ते दोन रविवार आले नाहीत. मी घरी गेले तर अण्णा पलंगावर उशांना टेकून बसले होते, आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन घुमत होतं. फुफ्फुसं आखडत चालली होती. छातीच्या डॉक्टरांनी सायकलचं नावच काढू नका म्हणून बजावलं होतं, आणि त्यावर औषध असं फारसं नव्हतं. त्यांची बायको गिरिजाअक्का मला दारातच म्हणाली, "दुखण्याचं काय वाटंना त्येंला. रोज खिडकीत बसत्यात आन मला इचारत्यात, येन सुद्दी. मी घरात आसती, मला कुठली बातमी?"

मी आत जाऊन बसले. रविवारच होता, राईडहून थेट आले होते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगायला लागले, वारा कसा समोरून होता, मोहसीनने कसा सपाटा लावला. त्यांनी हात वर केला. "हिराबाई काय म्हनली?"

"थांबलो नाही आज."

त्यांनी तोंड फिरवलं. रागाने नव्हे. जेवायला बसलेल्या माणसाला ताट रिकामंच आहे हे कळावं, तसा चेहरा झाला त्यांचा. मला फार वाईट वाटलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मोहसीनला सांगून उपेग न्हाय, त्येला रस्ता दिसतो, माणसं न्हाईत. तुमी चढाला दमता. तुमीच थांबत जावा." मी होकार दिला. मग जवळ बोलावून हळूच म्हणाले, "आन मी आजारी हाय म्हनून सांगायचं न्हाय. दुखणं कळलं की लोक बातम्या सांगायच्या थांबत्यात, नुसतं कसं हाय, कसं हाय करत्यात. सांगा, अण्णा हल्ली बार्शी रस्त्याला जातोय."

खोटं बोलायला मी तयार नव्हते. पण त्यांचा चेहरा बघून तयार झाले. पुढच्या रविवारी हिराबाईंच्या बाकड्यावर बसून मी पढवल्याप्रमाणे सांगितलं. त्यांनी चहा गाळता गाळता माझ्याकडे एकवार पाहिलं. "बार्शीकडं? बार्शीकडं काय हाय?"

"रस्ता चांगला झालाय म्हणे."

"रस्ता," हिराबाई फणकारल्या. "हितला रस्ता काय वाळवीनं खाल्ला?"

हे मी अण्णांना जसंच्या तसं सांगितलं, फणकाऱ्यासकट. ते इतके हसले की अक्का धावत आली. खोकल्याची उबळ ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाले, "तिला म्हनावं, वैरागच्या अलीकडं एक बाई हाय. सुंदराबाई. च्या लई झ्याक करती." मग जरा विचार करून, "पुढचा दात सोन्याचा हाय म्हनावं. तुमचा धंदाबी गोष्टीत यावा की."

"अण्णा, ही तर नसलेलीच चेन झाली."

"आता मला कुटं जायचंय चेन लावून," ते म्हणाले.

अशी ती सुंदराबाई जन्माला आली, आणि सगळा हिवाळाभर मी त्या दोघींमधली टपालवाली झाले. सोन्याचा दात ऐकून हिराबाईंनी विचारलं, "मग च्यात काय घालती, केशर?" अण्णांनी उत्तर धाडलं, केशर नाही, पण आलं घालते, आणि तेही ठेचून. हिराबाई म्हणाल्या, तिला सांगा, आलं ठेचायचं नसतं, किसायचं असतं, शिकवायला येते म्हणावं मी. ज्वारी हुरड्याला आली तेव्हा त्यांनी फडक्यात हुरडा बांधून दिला. "अण्णाला द्या. आन म्हनावं, बार्शीच्या बाईनं आसला दिला तर मी मंगळवेढ्याचं नाव सांगायचं सोडीन." अण्णांना हुरडा चावत नव्हता. त्यांनी फडकं उघडून नुसता वास घेतला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग अक्काने दोन दाणे कुटून दुधात घातले.

रविवारची कॅन्टीनची बैठक कधी अण्णांच्या खोलीत सरकली, आम्हालाही कळलं नाही. मोहसीन, इंजिनिअर, सगळे थेट तिकडेच यायला लागले. मोबाईल खिशातून काढायचा नाही हे न सांगताच ठरलं होतं. बातमी आणायची म्हणून जो तो रस्त्यात थांबायला लागला. आमचा वेग पार बसला. मोहसीन एकदा बेगमपूरच्या पुलावर त्या दोन म्हाताऱ्यांची वाट पाहत बसला आणि भांडण सोडवायला जाऊन दोघांच्याही शिव्या खाऊन आला. "अण्णा, सच्ची हैं वो दोनों!" तो खोलीत शिरता शिरता ओरडला. अण्णा समाधानाने म्हणाले, "मी काय सांगत होतो?" तो पाखरांवाला शेतकरीही खरा निघाला. मेंढ्याचा तेवढा निकाल लागला नाही. त्याच्या मनाला येईल तसा तो जायचा.

पण अण्णांचा आवाज आठवड्यागणिक उतरत होता. आधी ते पूर्ण निरोप सांगायचे, मग अर्धाच, मग एक शब्द बोलून श्वास घ्यायला थांबायचे आणि पुढचं मी ओळखायचं. उन्हाळा लागला त्या सुमारास एका रविवारी मी गेले तेव्हा तोंडावर मास्क होता. त्यांनी "येन सुद्दी" विचारलं नाही, नुसत्या भुवया उचलल्या. मी सांगितलं, हिराबाई विचारत होत्या, बार्शीच्या बाईला उन्हाळ्यात ताक करता येतं का. त्यांचे डोळे हसले. मग मी विचारलं, "काय सांगू त्यांना? सुंदराबाई काय म्हणाल्या?"

त्यांनी मास्क बाजूला केला. "आता... तुमी सांगा."

मी पुष्कळ प्रयत्न केला. आयुष्यात एक गोष्ट मनाने रचलेली नाही, त्या क्षणी कुठून सुचणार? मी त्यांचा हात धरून नुसती बसून राहिले. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी मशीनवरच्या दिव्याकडे बघत होते. त्यांनी मात्र माझा हात थोपटला, जसं काही वेळ आहे, पुढच्या रविवारी सांगा. पुढचा रविवार आला नाही. मधल्याच आठवड्यात, भर दुपारी, अक्का पाणी आणायला आत गेली तेवढ्यात अण्णा गेले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे निघालो, पण कामतीजवळ आल्यावर बाकीचे थोडे मागे थांबले. सांगायचं काम माझं होतं. हिराबाईंनी मला लांबूनच पाहिलं. मी सायकल टेकवली, बाकड्यावर बसले आणि शब्द जुळवायला लागले. त्यांनी चहा ठेवला नाही. समोर येऊन बसल्या.

"कवा गेला?" त्यांनी विचारलं.

मी मान वर केली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? पावसाळ्यातच सायकल टेकवताना दम लागायचा त्येला. बाकड्यावर बसला की घटकाभर बोलायचाच न्हाय. आन तू म्हनतीस बार्शीला जातोय." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "बार्शीला कुठली बाई आन कुठलं काय. मला का कळत न्हाय?"

सगळा हिवाळा या बाईने मला ताकास तूर लागू दिली नव्हती. "मग बोलला का नाहीत, मावशी?"

"बोलून काय करू? मी म्हनलं आसतं आजारी हाय व्हय, तर तू जाऊन त्येला सांगितलं आसतंस, आन त्येचं निरोप बंद झालं आसतं. भांडत होता तर भांडू दिला. भांडणारा मानूस जगतोय की जरा."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. धूळ बसल्यावर हिराबाई उठल्या, चुलीशी गेल्या, आणि पाठ माझ्याकडे असतानाच म्हणाल्या, "पर सांग की. ती बार्शीची. तिला कळलं आसंल का?"

मी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. खांदे हलत होते.

"कळलं," मी म्हणाले. "सकाळीच कळलं तिला. तिने आज हॉटेल उघडलं नाही. दारात बसून आहे. माणसं येताहेत, चहा मागताहेत, तर ती म्हणते, आज चहा नाही, आज आमच्या अण्णांचा दिवस आहे."

हिराबाईंनी नाक ओढलं. जाळ पुढे सारला, पातेलं ठेवलं.

"मग चांगली हाय बाई," त्या म्हणाल्या. "उगंच नावं ठिवली मी तिच्या च्याला."